शिनाण्यांची जात ओळखायची तर रंग विसरा, शिंपला उघडा

प्राणिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: रत्नागिरीजवळच्या खडपावरून दोन शिंपले आणले, एक गर्द हिरवा, दुसरा जवळजवळ तपकिरी, आकार मात्र सारखाच. हे एकाच जातीचे की वेगळ्या? वर्गीकरणात त्यांची जागा नेमकी कुठे? आणि बाजारात मिळणाऱ्या तिसऱ्या आणि कालवं या शिंपल्यांपासून ते वेगळे कशाने ठरतात?

आधी थोडक्यात उत्तर. बहुधा दोन्ही एकाच जातीचे आहेत: पेर्ना विरिडिस, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचे नेहमीचे हिरवे शिनाणे. कोवळ्या वयात यांचा शिंपला झळझळीत हिरवा असतो. वय वाढतं तसा तो पाठीकडून तपकिरी होत जातो आणि हिरवा रंग फक्त कडेला उरतो. लाटांच्या घासण्याने वरचं साल निघालं असेल तर रंगावरून काहीच सांगता येत नाही. ‘बहुधा’ म्हणतो आहे, कारण शिंपला उघडून आतला भाग पाहिल्याशिवाय मी कुणाच्याही नमुन्याचं नाव लिहून देत नाही. आत काय बघायचं तेच खाली सविस्तर सांगतो.

रत्नागिरीकडे यांना काकई म्हणतात, मालवण आणि गोव्याकडे शिनाणे. सोयीसाठी मी शिनाणे हाच शब्द वापरतो.

कोकणातल्या बाजारात शिंपल्यांचे वाटे शेजारी शेजारी लागतात, म्हणून सगळी एकाच घरची मंडळी वाटतात. पण प्रत्येकाचं राहणं निराळं आहे. तिसऱ्या वाळूत किंवा चिखलात स्वतःला पुरून घेतात आणि दोन नळ्या वर काढून पाणी आत-बाहेर करतात. कालवं आपलं एक पूट, म्हणजे शिंपल्याची एक बाजू, खडकाला कायमचं सिमेंटसारखं चिकटवून टाकतात, म्हणून ती काढायला लोखंडी कोयती लागते. शिनाणे पुरून घेत नाहीत आणि चिकटूनही जात नाहीत. ते दोऱ्यांनी स्वतःला खडकाशी बांधून घेतात. या एका सवयीमुळे त्यांचं सगळं शरीर बदललं आहे, आणि वर्गीकरणाला उपयोगी पडणाऱ्या बहुतेक खुणा या बदलातूनच आलेल्या आहेत.

वर्गीकरणाची उतरंड अशी: मृदुकाय संघ, द्विपुट शिंपल्यांचा वर्ग, त्यात टेरिओमॉर्फिया हा उपवर्ग, मायटिलिडा हा गण आणि मायटिलिडी हे कुल. या कुलात आज जिवंत असलेल्या सुमारे ४०० जाती धरल्या जातात. टेरिओमॉर्फियात कालवंही येतात आणि मोत्यांचे शिंपलेही. तिसऱ्या मात्र हेटेरोडोंटा या वेगळ्याच शाखेतल्या. म्हणजे नात्याने बघितलं तर शिनाण्यांना कालवं जवळची आहेत, तिसऱ्या लांबच्या. परीक्षेत हे हमखास उलटं लिहिलं जातं.

गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांनाही इंग्रजीत मसल म्हणतात, त्याने गोंधळ वाढतो. आपल्या नद्या-तळ्यांतला लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हा युनिओनिडा गणातला. त्याची पिल्लं काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून परजीवी म्हणून जगतात. समुद्री शिनाण्यांशी त्याचं नातं फार दूरचं. बंदरांच्या धक्क्यांवर सापडणारा मायटिलॉप्सिस सॅली हा आणखी वेगळा. मूळचा अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा हा पाहुणा १९६० च्या दशकाच्या अखेरीस विशाखापट्टणम बंदरात नोंदला गेला आणि पुढे मुंबई बंदरातही दिसला. बाहेरून तो हुबेहूब लहान शिनाण्यासारखा, बांधून घेण्याची तऱ्हाही तीच. पण कुल ड्रेसेनिडी, आणि शाखा तिसऱ्यांची. चोचीच्या, म्हणजे शिंपल्याच्या अरुंद टोकाच्या, आतल्या बाजूला त्याला एक छोटा पडदेवजा कप्पा असतो. तो दिसला की नमुना बाजूला ठेवायचा. मात्र सेप्टिफर या खऱ्या शिनाणे कुलातल्या प्रजातीलाही (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) असाच कप्पा असतो, त्यामुळे एवढ्या एका खुणेवर निकाल देऊ नये.

आता आकाराकडे येऊ. शिनाण्याचं पुढचं टोक अरुंद आणि मागची बाजू रुंद का? ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ सी. एम. यंग यांनी १९६२ मध्ये याची जी मांडणी केली ती मला आजही सगळ्यात पटणारी वाटते. अनेक द्विपुट प्राण्यांची पिल्लं तळाशी बसताना तात्पुरता दोरा सोडतात आणि मोठेपणी ती सवय टाकतात. शिनाण्यांनी ती आयुष्यभर ठेवली. एकदा पुढच्या भागाने स्वतःला बांधून घेतलं की त्या टोकाकडे फारसं काम उरत नाही. पाणी घेणं, सोडणं, कल्ले पसरणं हे सगळं मागच्या, मोकळ्या बाजूला. म्हणून पुढचा भाग आखडत गेला आणि मागचा फुगत गेला. दाटीवाटीने राहण्यासाठीही हा आकार सोयीचा आहे. टोकं खडकाकडे आणि रुंद कडा बाहेर अशी मांडणी झाली की थोड्या जागेत पुष्कळ शिनाणे मावतात.

हाच इतिहास शिंपल्याच्या आत स्नायूंच्या ठशांच्या रूपाने छापलेला असतो. तिसरी उघडून बघा: पुढे एक आणि मागे एक असे जवळजवळ सारख्या आकाराचे दोन ठसे दिसतील. शिंपला मिटणाऱ्या स्नायूंचे ते ठसे. शिवाय आवरणाच्या, म्हणजे शिंपल्याला आतून लागलेल्या मऊ पडद्याच्या, रेषेत मागे एक आत गेलेली खाच असते, नळ्या आत ओढून घ्यायची जागा. शिनाण्यात ही खाच नाही, कारण लांब नळ्याच नाहीत. मागचा मिटवणारा स्नायू मोठा आणि पुढचा अगदी बारका, किंवा नाहीच.

‘किंवा नाहीच’ हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. मायटिलस या प्रजातीत पुढचा स्नायू बारका का होईना पण असतो. पेर्ना या प्रजातीत मोठ्या झालेल्या प्राण्यात तो नसतो. दुसरी खूण दोऱ्यांचा झुपका आत ओढणाऱ्या मागच्या स्नायूंची. मायटिलसमध्ये त्यांचा ठसा लांबट आणि सलग असतो. पेर्नात तो दोन तुकड्यांत विभागलेला, मध्ये स्पष्ट मोकळी जागा. तिसरी खूण बिजागरीजवळच्या कण्याची: पेर्नात त्यावर बारीक खड्डे असतात, मायटिलसमध्ये तो गुळगुळीत असतो. या तीन खुणा जुळल्या की रंग निळा असो की काळा, मला फरक पडत नाही.

जुनी पुस्तकं आणि शोधनिबंध वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. लिनियसने १७५८ मध्ये आपल्या हिरव्या जातीला मायटिलस विरिडिस असं नाव दिलं होतं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि सहकाऱ्यांनी तरंगत्या तराफ्यांवरून दोर सोडून या शिनाण्यांची वाढ केली, त्यांच्या १९७७ च्या निबंधातही मायटिलस विरिडिस हेच नाव आहे. प्राणी तोच, आपला पेर्ना विरिडिस. प्रजातीच्या खुणा काटेकोर झाल्यावर त्याला हलवलं गेलं. तेव्हा जुन्या कागदात ‘भारतातला मायटिलस’ दिसला तर दचकू नका.

पेर्नात आज साधारणपणे तीन जाती मानतात. हिरवा विरिडिस हिंद-प्रशांत महासागराच्या उष्ण किनाऱ्यांवरचा. तपकिरी पेर्ना पेर्ना आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि हिंदी महासागराच्या काही भागांत. तिसरा कॅनालिक्युलस हा न्यूझीलंडचा, तिथल्या शिंपले-शेतीचा मुख्य आधार. भारतातल्या तपकिरी शिनाण्यांना १९७६ मध्ये कुरियाकोस आणि नायर यांनी पेर्ना इंडिका हे स्वतंत्र नाव दिलं. केरळातल्या कोल्लमपासून कन्याकुमारीपर्यंत आणि पुढे तिरुचेंदूरच्या बाजूला ते मुबलक. पुढे डीएनएच्या अभ्यासांनी दाखवलं की हे पेर्ना पेर्नाचेच भाऊबंद आहेत, आणि आता ते नाव बहुतेक ठिकाणी त्यातच मिळवलं जातं. भारतीय मत्स्यविज्ञानाच्या पुस्तकांत मात्र इंडिका अजून ठाण मांडून आहे. प्रबंधात लिहायचं असेल तर पेर्ना पेर्ना लिहून जुनं नाव एकदा सांगावं, दोन्ही बाजूंचे परीक्षक समाधानी राहतात.

हे सगळं तुमच्या तपकिरी नमुन्यासाठी का सांगतो आहे? कारण खरा तपकिरी शिनाणा मुख्यतः दक्षिणेकडचा. रत्नागिरीच्या खडपावर तपकिरी दिसणारा शिंपला सापडला तर पहिला संशय म्हाताऱ्या विरिडिसवर घ्यावा. ताजा, जिवंत नमुना असेल तर आवरणाची कड बघा. विरिडिसमध्ये ती पिवळसर हिरवी आणि बऱ्यापैकी साधी असते. तपकिरी जातीत कड तपकिरी, आणि पाणी आत घेण्याच्या बाजूला ठळक संवेदी उंचवटे असतात. शिंपल्याची चोच विरिडिसमध्ये खाली वळलेली, तपकिरी जातीत सरळ टोकदार. बिजागरीला विरिडिसमध्ये डाव्या पुटात दोन आणि उजव्यात एक असे बारके दात असतात. वय झालेल्या शिंपल्यात ते झिजलेले सापडतात, म्हणून दात न दिसणं हा पुरावा धरू नये.

मायटिलसची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. युरोपातला एड्युलिस, भूमध्य समुद्रातला गॅलोप्रोव्हिन्शियालिस आणि थंड उत्तरेकडचा ट्रॉस्युलस या तिघांच्या हद्दी जिथे मिळतात तिथे त्यांचा सर्रास संकर होतो आणि नुसत्या शिंपल्यावरून कोण कोण हे सांगणं अवघड होतं. भारतातल्या विद्यार्थ्याने त्यात फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे. आपल्या किनाऱ्यावर ओळखायला भरपूर काम पडलं आहे.

उदाहरणार्थ मोडिओलस. याची चोच अगदी टोकाला नसते, थोडी मागे असते, आणि सालीवर बहुधा केसासारखे तंतू असतात. ब्रॅकिडॉन्टेसच्या शिंपल्यावर पसरत जाणाऱ्या बारीक उभ्या धारा असतात, त्यामुळे तो हाताला खरखरीत लागतो, पेर्ना गुळगुळीत. हे दोन फरक खडपावर उभ्या उभ्या कळतात.

लिथोफागा ही या कुलातली सगळ्यात विलक्षण प्रजाती. खजुराच्या आकाराचे हे शिनाणे चुनखडक किंवा पोवळ्यात बीळ पाडून आत राहतात. ते दगड मुख्यतः रासायनिक स्रावाने विरघळवतात, म्हणून त्यांना चुन्याचाच दगड लागतो. आपला बसाल्टचा कातळ त्यांच्या कामाचा नाही. इटलीत नेपल्सजवळ पोझ्झुओली इथे रोमन काळातल्या इमारतीचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत, त्यांच्यावर जमिनीपासून काही मीटर उंचीवर या शिनाण्यांच्या बिळांचा पट्टा आहे. समुद्री प्राणी तिथे पोचायला जमीन एकदा खचून पाण्याखाली जाऊन पुन्हा वर यायला हवी. चार्ल्स लायेल यांनी १८३० मध्ये आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं. एका शिंपल्याने भूशास्त्राला दिलेला इतका भक्कम पुरावा दुसरा मला माहीत नाही.

दुसऱ्या टोकाला बॅथिमोडिओलस. खोल समुद्राच्या तळाशी गरम, गंधकयुक्त पाणी उसळतं तिथे, सूर्यप्रकाश पोचत नाही अशा अंधारात, हे शिनाणे राहतात. त्यांच्या कल्ल्यांत जिवाणू वस्तीला असतात आणि गंधकाच्या संयुगांपासून किंवा मिथेनपासून ते अन्न तयार करतात. अशी पहिली वस्ती १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ दिसली. तिथेही दोरे सोडून बांधून घेण्याची रीत तीच.

दोऱ्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण खरं वैशिष्ट्य तेच आहे. शिनाण्याचा पाय जिभेच्या आकाराचा असतो आणि त्याला खालून एक चर असते. पाय खडकाला टेकवून तो या चरीत प्रथिनांचा द्रव सोडतो. काही मिनिटांत द्रव घट्ट होतो, टोकाला एक चकती चिकटते आणि पाय बाजूला झाला की दोरा तयार. असे दहा-वीस नव्हे, पुष्कळ दोरे मिळून झुपका होतो. दोरा सगळीकडे सारखा नसतो: शरीराजवळचा भाग ताणला जाणारा, खडकाकडचा ताठ. लाट आदळली की ताण गिळला जातो. ओल्या, खारट, शेवाळलेल्या पृष्ठभागावर चिकटणारा गोंद माणसाला अजून नीट जमलेला नाही. शिनाण्याला जमतो तो डोपा नावाच्या अमिनो आम्लामुळे. हर्बर्ट वेट आणि टँझर यांनी १९८१ मध्ये मायटिलस एड्युलिसच्या चिकट प्रथिनात ते दाखवलं, आणि तिथून वैद्यकीय गोंदांच्या संशोधनाची एक शाखाच सुरू झाली. स्वयंपाकात आपण हा झुपका ओढून फेकतो. जिवंत ठेवायचे असतील तर मात्र तो उपटू नये. मुळाशी इजा होऊन प्राणी मरतो. कात्रीने कापावा.

खाणं गाळून घेण्याचं. कल्ल्यांवरचे सूक्ष्म केस हलतात, पाणी आत येतं, कण श्लेष्मात अडकतात आणि तोंडाकडे सरकतात. नको असलेला गाळ गोळा करून बाहेर टाकला जातो. एक मोठा शिनाणा तासाला काही लिटर पाणी गाळतो. म्हणूनच पाण्यात जे काही असेल ते त्याच्या मांसात साठतं: जड धातू, कीटकनाशकं, जिवाणू. या सवयीचा उपयोग करून किनाऱ्याच्या प्रदूषणावर नजर ठेवण्याची कल्पना एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये मांडली आणि अमेरिकेत १९८६ पासून ती नियमित राबवली जाते.

खाणाऱ्यांसाठी हीच गोष्ट धोक्याची. काही सूक्ष्म शैवालं विष तयार करतात, शिनाणे ती गाळून खातात, त्यांना स्वतःला फारसं काही होत नाही. १९८७ मध्ये कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या शेतातले शिनाणे खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले, काहींची स्मृती गेली. कारण निघालं डोमोइक आम्ल. १९९७ मध्ये केरळात विळिंजमला तपकिरी शिनाणे खाऊन सात जण दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात न्यावं लागलं. तिथे विष लकवा आणणारं होतं. शिजवल्याने जिवाणू मरतात, हे विष जात नाही. समुद्राच्या पाण्याला अचानक लालसर किंवा विचित्र रंग आला असेल तर त्या दिवसांत शिनाणे खाऊ नयेत, कितीही ताजे असोत. गटाराच्या तोंडाजवळच्या खडपावरचे तर कधीच नाही.

नर-मादी वेगळे असतात, पण बाहेरून कळत नाही. पिकलेल्या वेळी उघडले तर मादीचं मांस केशरी ते विटकरी लाल आणि नराचं दुधी पांढरं. ताटात दोन रंगांचे शिनाणे दिसतात ते ‘ताजे आणि शिळे’ नसतात, एवढं तरी घरी सांगा. अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडले जातात, फलन बाहेरच होतं, आणि पिल्लं दोन-तीन आठवडे तरंगत राहून मग शेवाळाच्या धाग्यावर, दोरावर किंवा खडकावर बसतात. हे बीज गोळा करून दोराभोवती सुती कापडाने गुंडाळायचं, कापड कुजेपर्यंत शिनाणे दोराला स्वतःच बांधून घेतात: शेतीची युक्ती एवढीच. केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या पडन्ना भागात १९९६-९७ पासून बायकांच्या गटांनी खाडीत ही शेती वाढवली. पाच-सहा महिन्यांत शिनाणे ८ सेंटिमीटरच्या आसपास पोचतात. पावसाळ्याआधी काढणी करावीच लागते, कारण खाडीचं पाणी गोडं झालं की ते टिकत नाहीत. सिंधुदुर्गात हे प्रयोग झाले आहेत. बाजार आणि बीज यांची सोय लागली तरच पुढे जातील असं मला वाटतं.

वाढ इतकी जोमदार असल्यामुळे हाच प्राणी दुसरीकडे उपद्रवी ठरतो. कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्रात समुद्राचं पाणी आणणाऱ्या मार्गात हिरव्या शिनाण्यांचे थर बसतात. १९९० मध्ये ही जात त्रिनिदादला नोंदली गेली आणि १९९९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपा उपसागरात पोचली. उलट दिशेने अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा मायटेला स्ट्रिगाटा केरळात शिरला आहे. २०१९ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने हा महत्त्वाचा, कारण त्याचे शिंपले काळे, तपकिरी, केशरी आणि चक्क हिरवेही असतात. कोवळा हिरवा मायटेला आणि कोवळा पेर्ना रंगावरून सहज फसवतात.

तर आता हातातल्या नमुन्याचं करायचं असं. दोन्ही शिंपले उघडून मांसाचा छोटा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये मुळीच नको. पुढे डीएनए तपासायची वेळ आली तर त्यातून नीट काही निघत नाही. उरलेलं मांस गरम पाण्यात सोडवून शिंपला वाळवा आणि खिडकीजवळ तिरप्या उजेडात भिंगाखाली धरा. समोरून उजेड पडला तर ठसे दिसत नाहीत. चोचीजवळ पुढच्या स्नायूचा बारका ठसा नाही आणि मागच्या ओढणाऱ्या स्नायूंचे ठसे दोन वेगळे, तर दोन्ही नमुने पेर्ना. मग चोच आणि दात बघून विरिडिस लिहा. तपकिरी शिंपल्यात पुढचा ठसा दिसला तर तो पेर्ना नाही. तशा वेळी जागा, तारीख, भरतीच्या रेषेपासून किती खाली मिळाला आणि आसपास असे आणखी किती होते हे टिपून ठेवा, आणि जवळच्या मत्स्य महाविद्यालयात नमुना मांसासकट दाखवा. नुसता फोटो पाठवू नका.